दगडाची मागची बाजू

३ जून

ती. सौ. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

नवऱ्याचं नाव थडग्याच्या दगडाच्या पुढच्या बाजूला आणि बायकोचं मागच्या बाजूला, असं का? आजी, तुझ्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पत्र आल्यापासून मी विचार करतेय. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला हे लिहिणं फार जड जातंय, पण खरंच येत नाही.

बाकी सगळं येतं, ते तरी सांगते. नोकरीला लागल्यापासून मी रोज हेच तर सांगते. राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत माझं काम म्हणजे आलेल्या लोकांना फिरवून माहिती देणं. मला एक टोपी मिळाली आहे. ती मोठी होते, म्हणून आत कागद घालते.

पूर्वी लढाई संपली की सरदाराचं शव गाडीतून वाजतगाजत घरी जायचं, आणि साध्या शिपायांना एकाच खड्ड्यात लोटून वर माती टाकायचे. पुढच्या वर्षी त्याच जमिनीत नांगर फिरायचा. मग ते मोठं युद्ध झालं. गल्लीगल्लीतून माणसं गेली, आणि आया विचारायला लागल्या की आमचा कुठे आहे ते दाखवा. सरकारला दाखवता येईना. त्या लाजेतून ही जागा झाली. प्रत्येकाला स्वतःची जागा, स्वतःचं नाव. आधी लाकडी पाट्या होत्या, त्या कुजल्या आणि नावं गेली, म्हणून दगड आले. सुरुवातीला अधिकाऱ्यांसाठी वेगळं आवार होतं, त्याला लोखंडी कठडा होता. एका सेनापतीने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मला माझ्या माणसांत पुरा. त्यानंतर तो कठडा भंगारात गेला. आज सेनापती, आचारी, ढोलवाला आणि कारकून एका ओळीत आहेत. सगळ्या दगडांची उंची एक, जाडी एक, अक्षर एक, तोंडंसुद्धा एकाच दिशेला. इथे सगळे सारखे, या वाक्यावर मी माझी माहिती संपवते. ते मी दर वेळी मोठ्याने म्हणते. काल इतक्या जोरात म्हटलं की सहलीबरोबर आलेल्या बाईंनी मला पाणी दिलं.

बायकांना आधी इथे जागाच नव्हती. विधवांनी खूप अर्ज केले तेव्हा नियम झाला: नवऱ्याच्याच खड्ड्यात, नवऱ्याच्याच दगडावर, मागच्या बाजूला. जो आधी जाईल तो खाली, नंतरचा वर.

आजोबांनी नावनोंदणीचा अर्ज भरून टाकला आणि त्यात तुझंही नाव घातलं, हे तुझ्या पत्रातूनच कळलं. नव्या भागात थोड्याच जागा आहेत. म्हाताऱ्या माजी सैनिकांना त्या आधीच धरून ठेवता येतात, पण महिनाअखेरीपर्यंतच. आजोबांचा हक्क आहे याचा मला फार अभिमान वाटतो. तू रागावू नकोस. मी उत्तर शोधते.

फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मग दोघं एकदम विचारता की ऐकू येतंय का. पत्रच बरं.

लोभ आहे तो वाढवावा, आणि त्यातला थोडा आजोबांनाही द्यावा.

तुझी,
नात


८ जून

चि. पदवीधरास,
अ. उ. आ.

सांगणार आजी, लिहिणार आजोबा.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. नोकरीत वर्षानुवर्षं खेचरांना हाका मारल्या, तो आवाज अजून तसाच आहे. त्यामुळे शेजारच्या शिंपीणबाईंनाही ते ऐकू गेलं. त्यांचंही म्हणणं माझ्यासारखंच आहे. (लेखनिकाची टीप: शिंपीणबाईंना कोणी विचारले नव्हते.)

आचारी आणि सेनापती सारखे, हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे आचाऱ्याची बायको आणि सेनापतीची बायको, दोघी सारख्याच मागे. शिकल्यावर माणसाला हे दिसत नाही का, असं शिंपीणबाई विचारतात. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, टोपी मोठी आहे, डोळ्यांवर येत असेल.

आता खाली-वरचं. हे आधी गेले तर मी यांच्यावर. म्हणजे जन्मभर छातीवर बसली आणि मेल्यावरही उठली नाही, असं म्हणायला हे मोकळे. मी आधी गेले तर हे माझ्यावर. यांचं वजन तुला माहीत आहे. (ले. टी.: वजन उतरले आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे.)

त्याच डॉक्टरांनी यांची छाती तपासून सांगितलं की जिने चढू नका, आणि राहिलेली कामं उरकून घ्या. हे उठले ते थेट थडग्याच्या मागे लागले. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तेही राहिलेलंच काम आहे. (ले. टी.: नळाचे काम हाती घेतले आहे.)

खरं सांगू? यांची बदली झाली की मला आदल्या संध्याकाळी कळायचं. हे कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, बांधाबांध कर. गाद्या, भांडी, पोरं, सगळं गाडीत घालायचं. एका घरात तर आधीच्या भाडेकरूची शेळी होती, ती जायलाच तयार नव्हती. तरी मी एक शब्द काढला नाही. (ले. टी.: शब्द काढला होता. बरेच काढले होते. शेळीनेही काढले होते.) आता ही शेवटची बदली. पुन्हा हे कागद घेऊन आले, पुन्हा माझं नाव आधीच घातलेलं, आणि मी बांधाबांध करायची.

माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या गावच्या दफनभूमीत स्वतःशेजारची जागा माझ्यासाठी सांगून ठेवली आहे. पाण्याच्या नळाजवळ आहे, सावली आहे. तिथल्या दगडांना एकच बाजू असते, नावाची. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण जागा चांगली आहे. (ले. टी.: तुझी मावशीआजी झोपेतही बोलते, हे लक्षात घ्यावे.)

उत्तर शोध. नाही सापडलं तरी पत्र पाठव. टोपीत कागद घालण्यापेक्षा आतून शिवून घे.

आशीर्वाद आहेतच. ते मागावे लागत नाहीत.

आजी
(आणि लेखनिक)


१३ जून

ती. सौ. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

मी सगळ्यांना विचारलं.

आमचे मुख्य साहेब दगडांच्या रांगा दोरी लावून तपासत फिरतात, म्हणून त्यांच्या मागे सगळे त्यांना ओळंबा म्हणतात. त्यांना विचारलं तर ते म्हणाले की नियमात आहे. नियमात का आहे, असं विचारलं तर म्हणाले की तोच नियम आहे. दगड कोरणाऱ्या पाथरवटाने सांगितलं की दगडाला कोरण्याजोग्या दोनच बाजू असतात. तिसरी म्हणजे कड, तिथे फक्त सडपातळ बाईचं नाव मावेल. एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी बस येईपर्यंत फार सुंदर विवेचन केलं, पण उत्तर द्यायच्या आत बस आली.

मग मी ओळंब्यांपुढे प्रस्ताव मांडला की दोन्ही नावं पुढेच कोरावीत. त्यांनी कागदावर दगड काढून दाखवला. नाव, हुद्दा, तुकडी, जन्म, मृत्यू, आणि सगळ्यात खाली एक ओळ त्या माणसाच्या मनातली. एवढ्यात दगड भरतो. यातलं काय काढू, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हुद्दा काढा, नाहीतरी इथे सगळे सारखेच आहेत. ते उठून पाणी प्यायले आणि त्यांनी मला सहलीकडे जायला सांगितलं. सहल आलेली नव्हती.

पण आजी, त्या शेवटच्या ओळीवरून एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक लोक ‘शांत झोप’ किंवा ‘कर्तव्य पूर्ण’ असं काहीतरी लिहितात. आजोबांचा अर्ज ओळंब्यांनी मला दाखवला. त्यांनी लिहिलं आहे, ‘जांभळीने मला घरी आणले.’ मी तिथेच उभी राहून रडले. धुक्यात आजोबांची वाट चुकलेली, त्यांच्या पायाला गोळी लागलेली, आणि कोणी हाकत नसताना जांभळी खेचरी त्यांना पाठीवर घेऊन छावणीपर्यंत चालत आली, ही गोष्ट मी लहानपणी कितीदा ऐकली आहे! ओळंबासुद्धा म्हणाले की इतक्या वर्षांत लोकांनी देवाला, देशाला, आईला ओळ दिलेली पाहिली, पण जनावराला दिलेली ही पहिलीच. आपल्या घरात किती मोठं मन आहे! तुला तर हे आधीपासून माहीत असणारच. तुला किती अभिमान वाटत असेल, याची मी कल्पना करू शकते.

उत्तर शोधणं चालू आहे. टोपी शिवून घेतली.

माया आहे तेवढी राहू द्यावी.

तुझी,
नात


१७ जून

चि. पदवीधरास,
अ. आ.

सांगणार आजी, लिहिणार तेच.

मला काहीही माहीत नव्हतं.

पत्र वाचता वाचता हे दगडावरच्या त्या शेवटच्या ओळीपाशी आले आणि खोकले. मग म्हणाले की पुढे नुसता नमस्कार आहे. मी म्हटलं, अर्धं पान नमस्कार? शिंपीणबाई खिडकीत होत्याच. त्यांनी हात पुढे केला, यांच्या हातातून कागद घेतला आणि ठणठणीत वाचून दाखवला. हातातला शिवायचा सदरा तसाच खाली पडला.

म्हणजे दगडाच्या पुढे हे आणि खेचरी. मागे मी.

त्या जनावराचा मला राग नाही. तिने यांना एकदा घरी आणलं. मीही आणलं आहे. यांना ताप चढला तेव्हा परक्या गावात पाठीला पाठ लावून रात्री काढल्या. यांच्या चार बदल्यांत चार पोरं वाढवली, आणि एकालाही शेळीची सवय लागू दिली नाही. माझ्याबद्दल कोणाला ओळ सुचली नाही. सुचायला हवी होती असंही माझं म्हणणं नाही. निदान मला विचारायला तोंड होतं ना यांना? खेचरीला विचारता येत नव्हतं. मला येत होतं.

मला यांच्याजवळ झोपायचं नाही. मी बहिणीकडे जाणार. तिला तसं कळवलं आहे. त्या ओळंब्याला सांग, अर्जातून माझं नाव काढ. मागची बाजू रिकामी राहू दे, तिथे खेचरीचं चित्र काढा.

बाजारात तुरी आणि इथे मारामारी, असं शिंपीणबाई हसून म्हणतात. मला हसू येत नाही.

सांगितलं ते यांनी सगळं लिहिलं आहे. मी परत वाचून घेतलं. मला येते तेवढी सही खाली करते.

आजी


१९ जून
पोस्टाच्या खिडकीपाशी, उभ्याने

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी एकही टीप घातली नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. घालण्यासारखे काही नव्हते.

पायाला गोळी लागल्यावर मला खेचरांवरून लेखनिकाच्या कामावर घेतले. अधिकारी सांगायचे ते मी जसेच्या तसे लिहून पुढे पाठवायचो. लेखनिकाने निरोपात हात घालायचा नसतो. त्यामुळे तिला माझ्याजवळ झोपायचे नाही, हे वाक्य मी स्वच्छ अक्षरात लिहिले. नंतर तिने ते मोठ्याने वाचायला सांगितले. तेही उभ्याने वाचले. धुक्यात गोळी लागली तेव्हा मी इतका वेळ उभा नव्हतो.

जांभळीचे असे झाले. माझ्या मते तुझ्या आजीची जागा पक्की होती. ती मागच्या बाजूला आहेच, म्हणजे तिची सोय झाली, असा हिशेब मी केला. पुढे एक ओळ उरली. जांभळीला माझ्याशिवाय कोणी नव्हते. लिहिताना हे बरोबर वाटले. शिंपीणबाईंच्या तोंडून ऐकताना वाटले नाही.

मी तिला विचारले नाही हे खरे आहे. मलाही नोकरीत कधी कोणी विचारले नाही. कागद यायचा, तो मी घरी पुढे करायचो. हे समर्थन नाही, माहिती आहे.

तिथे झोपायला मी भीत नाही. शेजारी सगळे आपल्यासारखेच, घोरणारे. पण तिच्याशिवाय झोपायचे म्हणजे मला जमायचे नाही. ती आयुष्यभर भिंतीच्या बाजूला झोपली. सकाळी चहा मी करतो. एवढेच आमचे आहे, पण ते मोडायचे नाही.

मी राष्ट्रीय जागा सोडून तिच्या मागे जायलाही तयार आहे. काल जाऊन पाहून आलो. नळाजवळच्या त्या जागेच्या एका बाजूला तुझ्या मावशीआजीची राखलेली जागा, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा. त्याने माझी शिडी नेली ती मरेपर्यंत परत दिली नाही. माझ्यासाठी तिथे जागा नाही. असती तरी शिडीचा विषय निघाला असता.

आज सकाळी चहा देताना विचारायचे असे ठरवले होते. तोंड उघडले आणि नळ हा शब्द बाहेर पडला. मग नळावरच बोललो. बराच वेळ बोललो. तिने ऐकून घेतले.

माझ्या वतीने तू विचार. घरात शिकलेली तूच आहेस. महिनाअखेर जवळ आली आहे, आणि डॉक्टरांनी छातीचे जे सांगितले ते तुझ्या आजीला मी थोडे कमी करून सांगितले आहे.

इथले पेन दोरीला बांधलेले आहे, यापुढे पोचत नाही.

आजोबा


२२ जून

ती. सौ. आजीस आणि ती. आजोबांस,
दोघांना एकत्र शि. सा. न. वि. वि.

आजी, अभिमानाने लिहिलेलं माझं पत्र तुला केवढं लागलं असेल! टोपी शिवली तरी डोळ्यांवर येतेच, असं दिसतंय. तुझ्या रागाला उत्तर देण्याइतकं मला काही शिकवलेलं नाही. म्हणून आज मी उत्तर देत नाही. आज फक्त एक मजकूर पाठवते. तो माझा नाही. ज्याचा आहे त्यानेच तो वाचायचा आहे.

वाचणाऱ्यास सूचना. आजोबा, हा भाग मोठ्याने वाचू नये. खालचा मजकूर आधी मनात वाचून पाठ करावा. मग खुर्ची आजीकडे वळवावी. चष्मा काढावा. आवाज खेचरांचा नव्हे, माणसांचा लावावा. शिंपीणबाईंनी कृपा करून खिडकी लावून घ्यावी.

मजकूर असा:

मी तुला न विचारता तुझं नाव घातलं. तसं करायला नको होतं. आता विचारतो. तू माझ्याबरोबर येशील का? नाही म्हणालीस तरी सकाळचा चहा मीच करीन.

मजकूर संपला. इथे थांबावे. खोकू नये. नळाबद्दल बोलू नये. आजी गप्प राहिली तर आपणही गप्प राहावे, आणि ती कितीही वेळ गप्प राहिली तरी उठून जाऊ नये.

आजी, उत्तर काहीही असलं तरी ते तुझं असेल. ओळंब्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

दोघांचीही माया हवी आहे. एकाचीच पाठवू नये.

नात


२६ जून

चि. पदवीधरास,
अ. उ. आ.

सांगणार आजी, लिहिणार आजोबा.

तुझं पत्र आलं. यांनी ते आधी एकट्याने वाचलं आणि मागच्या दाराशी येरझारा घातल्या. ओठ हलत होते. मला वाटलं छातीत दुखतंय. मग आत आले आणि खुर्ची वळवायला लागले. खुर्चीचा पाय सतरंजीत अडकला, मीच सोडवला. चष्मा काढला. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, आणि पुढचं विसरले. पुन्हा चष्मा घातला, कागद बघितला, पुन्हा काढला. (ले. टी.: एकच शब्द विसरलो होतो.) शिंपीणबाईंनी खिडकी लावली होती, पण फट ठेवली होती. पुढे काय असेल ते त्यांनी अंदाजाने आतून सांगितलं. अंदाज चुकला. त्या म्हणाल्या, मला क्षमा कर. यांनी विचारलं, तू माझ्याबरोबर येशील का. तेच बरं होतं. क्षमा मी करून टाकली असती आणि विषय संपला असता.

मी लगेच उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं मला आदल्या संध्याकाळी कळायचं. म्हटलं, एक संध्याकाळ यांनाही न कळू दे. हे उठले नाहीत, खोकले नाहीत, नळाबद्दल बोलले नाहीत. अंधार पडला तेव्हा दिवा मीच लावला. यांनी कपबशा विसळल्या, मग मी सांगितलं की येईन. (ले. टी.: येईन असेच म्हणाली. पुन्हा विचारून खात्री केली. पुन्हा तेच म्हणाली, पण जरा चिडून.)

छातीचंही यांनी मग सगळं सांगितलं. कमी केलेलं परत मिळवून. मला ते माहीत होतंच. औषधांच्या बाटल्या मीच पुसते.

खेचरी पुढेच राहू दे. तिने आणलं नसतं तर मी भांडले कोणाशी असते? बहिणीला कळवलं, ती फुगली आहे. म्हणाली की तिथे आता ती एक बाक बसवून घेईल.

पण यांच्याबरोबर जाणं वेगळं आणि मागे पडून राहणं वेगळं. गवत कापणाऱ्याशिवाय जिथे कोणी फिरकत नाही, तिथे माझं नाव नको. यावर आमचं पुन्हा वाजलं. हे म्हणतात, मी ती जागाच सोडतो. मी म्हणते, तुम्ही का सोडायची? ती तुम्ही पायात गोळी घेऊन मिळवली आहे. मी म्हणते, मग मला सोडा. हे म्हणतात, ते होणार नाही. घोडं इथेच अडलं आहे. (ले. टी.: खेचर असते तर अडले नसते.)

म्हणून दोघांनी मिळून ठरवलं की तू ठरव. सोबत दोघांच्या सह्यांचा कागद आहे. काय करायचं ते कर आणि करून झाल्यावर कळव. पुन्हा विचारायला येऊ नकोस, विचारलंस की आम्ही पुन्हा भांडू. तू करशील त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. (ले. टी.: मी ठेवणार नाही. तिची हमी देत नाही.)

आशीर्वाद दोघांचे आहेत, एकाच पाकिटात.

आजी
आणि लेखनिक


३० जून

ती. सौ. आजीस आणि ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

करून झालं आहे, म्हणून कळवते.

तुमच्या सह्यांचा कागद मिळाला. आधी ओळंब्यांकडे जाऊन नियम बदलण्याचा लेखी प्रस्ताव दिला. ते म्हणाले की हा राजधानीला जाईल आणि मी निवृत्त होईन त्या सुमाराला परत येईल. मी म्हटलं, जाऊ दे, परत येईल तेव्हा घ्यायला मी असेन. तो परवाच्या टपालाने गेला. पण आज महिनाअखेर होती, आणि नव्या भागातली तुमची जागा अर्जात तशीच लिहिलेली होती.

काल सुट्टी होती. टोपी न घालता मी दफनभूमीत गेले आणि पहिल्यांदाच रांगांच्या मागच्या बाजूने चालले. आजी, रोज येऊन मी कधी तिकडून गेले नव्हते. सगळ्या दगडांची तोंडं जुन्या फाटकाकडे आहेत, म्हणून माझी वाटही तिथूनच ठरलेली. मागून चालताना फक्त बायका भेटल्या. नाव, आणि खाली कोणाची पत्नी ते. सेनापतीच्या बाईंच्या शेजारी ढोलवाल्याच्या बाई. काही अक्षरांत शेवाळ होतं. पुढच्या बाजूला ते कधीच राहू देत नाहीत. एका नावातलं शेवाळ मी नखाने काढलं. मग पुढचं काढलं. अशी चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले, आणि पलीकडच्या भिंतीपाशी येऊन थांबले.

तिथे पूर्वी काही नव्हतं. आता बसथांबा त्या रस्त्याला गेला आहे, म्हणून भिंतीत नवं फाटक पाडलं आहे. सहली, म्हातारी माणसं, फुलं घेऊन येणारे, सगळे तिथूनच आत येतात आणि रांगांमधून चालत जुन्या फाटकाशी पोचतात. तिथे मी टोपी घालून उभी असते. ते कुठून आले याचा मी कधी विचारच केला नव्हता. ही शेवटची रांगही नव्या भागातच मोडते, आणि तिथल्या काही जागा रिकाम्या आहेत. घरची मंडळी त्या घेत नाहीत, कारण दगडांची तोंडं एकाच दिशेला असल्यामुळे तिथे सैनिकाचं नाव येणाऱ्यांकडे पाठ करून राहतं. माणसं आत शिरली की त्यांना पहिल्यांदा दिसते ती दगडाची मागची बाजू. ती दिसल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आज कचेरी उघडल्याबरोबर मी अर्जातली जागा बदलून घेतली. शेवटची रांग, फाटकातून आत आल्यावर पहिला दगड. त्याच्यासमोर एक बाक आहे, त्यामुळे लोक टेकतात, आणि टेकलं की माणूस समोरचं वाचतोच. तुझं नाव सगळ्यांच्या आधी वाचलं जाईल. आजोबांचं ज्याला वाचायचं असेल त्याने वळसा घालून जावं. त्या बाजूला पुढच्या रांगेपर्यंत मोकळा गवताचा पट्टा आहे. जांभळीची ओळ त्या गवताकडे तोंड करून असेल. ती तिथे चरली असती, असं मला वाटलं.

ओळंब्यांनी अर्ज दोनदा वाचला. त्यांनी मला विचारलं की सैनिकाचं नाव येणाऱ्याला दिसणार नाही, हे तुमच्या घरी मान्य आहे का. मी म्हटलं, बायकांची नावं आजवर दिसली नाहीत, तेव्हा कोणाच्या घरी जाऊन विचारलं होतं? बोलले आणि जीभ चावली. त्यांनी खिशातली दोरी बाहेर काढली, गुंडाळली, परत ठेवली. मग स्वतः येऊन ती जागा पाहिली, त्या बाकावर बसले, आणि तिथूनच मला विचारलं की तुझ्या आजीचं नाव लांब आहे का. आहे, असं मी सांगितलं. पाथरवटाला तसं कळवतो, म्हणाले.

जागा आता बदलता येत नाही. शिक्का मारून घेतला आहे.

लोभ असावाच. राग आला तर दोघांचा मिळून एकाच पत्रात पाठवावा.

तुमची,
नात